बोअर आधी, बंदूक मागाहून

जुनी रायफल विकायला काढणारा माणूस आधी लाकूड दाखवतो. अक्रोडाचा दस्ता, मुठीवरची बारीक चौकटींची नक्षी, आजोबांनी ती कोणत्या साहेबाकडून घेतली त्याची हकिगत. नळी चेंबरला मिळते तिथले, तेल आणि गंजाखाली अर्धे बुजलेले आकडे मात्र तो आपणहून दाखवत नाही. ते घेणाऱ्याने चष्मा चढवून, नळी उजेडात फिरवून वाचायचे. .३०-३०, .४०५, .३१५, .३०-०६. हातात आलेली वस्तू हत्यार आहे की भिंतीवरचा दागिना, हे या आकड्यांवर ठरते. आपल्याकडे सगळे त्याला सरसकट ‘बोअर’ म्हणतात. नळीचा व्यास आणि तिच्या चेंबरमध्ये नेमके कोणते काडतूस बसते, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या.

लिव्हर ॲक्शन रायफल तर बघताक्षणी भुरळ घालणारी. चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर उडते, वर ढकलली की नवे आत जाते. बंदूक खांद्यावरून उतरवावी लागत नाही. जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराने विंचेस्टर कंपनीसाठी १८८६, १८९२, १८९४ आणि १८९५ ही मॉडेले आखली. त्यातले १८९४चे पुढे ७० लाखांहून अधिक विकले गेले. अमेरिकेत अशी जुनी रायफल घेणाऱ्यापुढे एकच प्रश्न असतो: मारायचे काय? हरणासाठी .३०-३०, अस्वलासाठी .४५-७०, उघड्या माळावर लांबून नेम धरायचा तर .३०० सॅव्हेज. काडतूस तालुक्याच्या दुकानात मिळणार हे त्याने धरूनच ठेवलेले असते.

अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर बाजारच्या शेतकऱ्याला हा क्रम उलटा करावा लागतो. परवान्यावर काय लिहिले जाईल, ही त्याची पहिली चौकशी. दुसरी, काडतूस कुठे मिळेल. जनावर उभे असेल त्याच्या पाठीमागे काय आहे, हे तिसरे. जनावर कोणते, हे सगळ्यात शेवटी. ट्रॅक्टर घेताना आपण सुटे भाग परतवाड्यात मिळतात की नागपूरला जावे लागते ते आधी विचारतो, मग रंग बघतो. रायफलीचे त्याहून कडक आहे, कारण न मिळणारे काडतूस कोणी मिस्त्री जुगाड करून देऊ शकत नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हौसेची शिकार आपल्याकडे संपली. उरली ती पीकरक्षणाची परवानगी. त्या कायद्याच्या ११व्या कलमाखाली, उभ्या पिकाला धोका ठरलेल्या ठरावीक प्राण्यांना मारण्याची लेखी मुभा वनखाते देऊ शकते. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यासाठी ही वाट मोकळी केली. काळवीट पहिल्या अनुसूचीतले. तुरीचे शेंडे त्याने कितीही खाल्ले तरी या वाटेने त्याला हात लावता येत नाही. आणि परवानगीने मारलेले डुक्करही मारणाऱ्याचे होत नाही. ते सरकारजमा.

सातपुड्यात बसून लिहिलेले पुस्तक

बोअर कोणते घ्यावे, या प्रश्नावरचे एक जुने आणि गाजलेले पुस्तक लिहिणारा माणूस आपल्या शेजारचाच होता. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ हा निमाडचा बंदोबस्त अधिकारी, म्हणजे मेळघाटच्या डोंगराला लागून असलेल्या मुलखातला. मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरचे त्याचे पुस्तक १८७१ साली आले आणि त्याच वर्षी, वयाच्या तिशीतच, तो वारला. ते पुस्तक अजून वाचले जाते. त्याआधी, १८६३ साली, शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्यांवर त्याने लिहिलेला छोटा ग्रंथ मात्र आता फक्त बंदुकवेड्यांना माहीत आहे.

त्याचा मुद्दा साधा होता आणि त्या काळच्या लष्करी मताच्या विरुद्ध जाणारा. सैन्य तेव्हा लांबट गोळी आणि नळीतल्या खाचांना घट्ट पीळ यांच्या मागे लागले होते, कारण त्यांना पाचशे-हजार यार्डांवरचा शत्रू टिपायचा होता. फॉर्सिथ म्हणाला, सातपुड्याच्या झाडीत जनावर दिसते तेच मुळी शंभर-दीडशे यार्डांच्या आत. तिथे मोठ्या व्यासाची गोल गोळी, भरपूर दारू आणि नळीत अगदी मंद पीळ हवा. म्हणजे गोळी त्या टप्प्यात जवळजवळ सरळ जाते आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही. मंद पिळाच्या त्या पद्धतीला आजही ठासणीच्या बंदुका बनवणारे लोक फॉर्सिथचेच नाव देतात. गोल गोळीचा जमाना गेला. पण बंदूक निवडायची ती स्वतःच्या रानाकडे बघून, जाहिरातीतल्या आकड्यांकडे बघून नव्हे, हे त्याचे म्हणणे दीडशे वर्षांनंतरही तसेच लागू आहे.

.३१५ आपल्याकडे का आली

फॉर्सिथ साहेब होता. त्याला हवे ते बोअर घेता येत होते. बाकीच्यांचे बोअर सरकार ठरवू लागले. १८५७च्या उठावाची धास्ती इंग्रजांच्या मनातून गेली नव्हती. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा आला आणि परवान्याशिवाय बंदूक बाळगणे गुन्हा ठरले. पण परवाना असलेल्या माणसाची बंदूकही सरकारला डाचत होती, कारण लष्करातून चोरलेले काडतूस तिच्यात चालले तर? म्हणून धोरण असे की सैन्य जे काडतूस वापरते, ते नागरी बंदुकीत बसता कामा नये.

याचा सगळ्यात गमतीदार परिणाम १९०७ साली झाला. हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या रायफली आणण्यावर बंदी आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्री लष्करी रायफली त्याच मापाच्या होत्या आणि त्यांच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती लागण्याची भीती होती. वाघ-हत्तीच्या शिकारीसाठी .४५० ही तेव्हा सर्वांत लाडकी रायफल. लंडनच्या बंदुकवाल्यांचा हिंदुस्थानातला धंदा एका फतव्याने बसला. मग त्यांनी काय केले, तर केसभर इकडे-तिकडे सरकलेली नवी मापे काढली: .४६५, .४७०, .४७५, .४७६. या सगळ्यांचे काम एकच, जनावरही एकच; फरक फक्त कायद्याच्या पलीकडे जाण्यापुरता. आज आफ्रिकेत हत्तीवर वापरली जाणारी .४७० ही भारी रायफल जन्माला आली ती कलकत्त्याच्या सरकारी कागदामुळे.

.३१५ची कुळकथा अशीच. ही मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेची, मॅनलिकर रायफलीची ८ मिलिमीटरची गोळी, १८९० साली आलेली. इंग्रज फौज .३०३ वापरत होती, म्हणून .३०३ नागरिकांना वर्ज्य. ऑस्ट्रियाची गोळी इथल्या कुठल्याच पलटणीकडे नव्हती, म्हणून ती चालली. परक्या बादशहाच्या शिपायाचे काडतूस असे वऱ्हाडच्या देशमुखाच्या वाड्यात पोचले. इंग्लंडच्या बीएसए कंपनीने लष्करी रायफलीच्याच धर्तीवर .३१५ बनवून इकडे पाठवली, आणि स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याने तेच काम पुढे चालवले. लष्करी ली-एन्फिल्डचा सांगाडा, नळी आणि चेंबर तेवढे वेगळे. आज गावात कोणी नुसते ‘रायफल’ म्हणाला तर बहुतेक वेळा हीच असते.

स्वतंत्र भारताने १९५९ साली आपला शस्त्र कायदा केला, पण ते जुने धोरण उचलून घेतले. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत प्रतिबंधित बोअरांची यादी आहे, आणि तिची भाषा नीट वाचण्यासारखी आहे. नुसते .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर असे लिहून ती थांबत नाही. त्या मापांचे लष्करी काडतूस ज्या कुठल्या बोअरमध्ये बसेल आणि उडेल, ते बोअरही प्रतिबंधित, अशी तिची शब्दयोजना आहे. .४१० मस्केटही त्यातच, आणि .३८० व .४५५ची पिस्तुले-रिव्हॉल्व्हरेही. जगभर शिकाऱ्यांची आवडती .३०८ विंचेस्टर आपल्याकडे अडते ती यामुळे, लष्कराची ७.६२ तिच्या चेंबरमध्ये बसते. तिच्याहून ताकदीने थोडी वरचढच असलेली .३०-०६ मात्र चालते, कारण तिचे काडतूस लांब आहे आणि ७.६२ तिच्यात बसत नाही. ताकदीशी या यादीचा संबंध नाही. प्रश्न फक्त शिपायाच्या पट्ट्यातले काडतूस तुमच्या बंदुकीत जाते का, एवढाच.

गोळी कोठी भेटते?

१९८०च्या दशकापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी बंदुकांची आयात जवळजवळ बंद झाली. म्हणून आज आपल्या भागात लिव्हर ॲक्शन दिसलीच तर ती जुनी, वारसाहक्काने किंवा दोन-तीन हात बदलून आलेली असते. विकणारा म्हणतो, “काकाजी, अशी चीज पुन्हा भेटणार नाही.” खरे आहे. पण तिच्या काडतुसाबद्दलही तेच खरे आहे.

देशात नागरी काडतुसे बनतात ती मुख्यतः सरकारी कारखान्यांत. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. बाराबोरच्या लाल-निळ्या ‘शक्तिमान’ काडतुसांच्या पितळी बुडावर के आणि एफ ही अक्षरे दिसतात ती खडकीचीच. २०२१च्या १ ऑक्टोबरला जुने आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या तेव्हा हे काम म्युनिशन्स इंडिया या पुण्याच्या कंपनीकडे गेले. बंदुकवाल्याच्या दुकानातली नेहमीची मापे बोटांवर मोजण्याइतकी: बाराबोर, .३१५, .३०-०६, .२२, आणि रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाचे .३२. आता या फळीवर लिव्हर ॲक्शनची मापे लावून बघा.

.३०-३०, म्हणजे १८९४च्या विंचेस्टरचे घरचे काडतूस: ११ ग्रॅमची गोळी, सेकंदाला ६७० मीटर वेग. अमेरिकेत खोक्याने मिळते, आपल्याकडे बनत नाही. .३५ रेमिंग्टन, .३०० सॅव्हेज, .२५०-३००० ही सगळी त्याच वाटेने गेलेली. .४०५ विंचेस्टर, १९०४ची, अमेरिकेचा माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली आफ्रिकेत सिंहावर घेऊन गेला म्हणून प्रसिद्ध, १९.४ ग्रॅमची जाड गोळी, सेकंदाला तेवढाच ६७० मीटर वेग, रोहीला सहज पुरून उरेल अशी. काडतूस नाही. .४४-४०, पूर्वी घोडेस्वार एकाच काडतुसावर रिव्हॉल्व्हर आणि रायफल दोन्ही चालवायचे ते हे. १८७३चे, आता इथे केवळ इतिहास.

.३०३ सॅव्हेजची तर वेगळीच कर्मकहाणी. सॅव्हेज कंपनीच्या ९९ मॉडेलचे हे मूळ काडतूस. इंग्रजी .३०३शी त्याचे नावापलीकडे काही साम्य नाही, कवच निराळे, एकाचे दुसऱ्यात बसत नाही. पण कलेक्टर कचेरीत नळीवर .३०३ वाचले की फाइल तिथेच थबकते, आणि ती हलवण्यात जेवढे हेलपाटे होतील तेवढ्यात दुसरी बंदूक घेऊन होते.

मग उरते काय? .२२ची लिव्हर ॲक्शन, जिची काडतुसे मिळतात. पण तिने रानडुकरावर गोळी झाडणे म्हणजे जनावर जखमी करून रात्रभर तुरीत सोडून देणे. तो निव्वळ निर्दयपणा आहे आणि सकाळी कापूस वेचायला येणाऱ्या बायांच्या जिवाशी खेळही. दुसरी, १८९५ची विंचेस्टर .३०-०६मध्ये. कागदावर ही सगळ्यात जमणारी. गोळ्या नळीखालच्या नळकांड्यात न राहता चापापुढच्या पेटीत एकावर एक राहतात, म्हणून टोकदार गोळीही चालते. नळकांड्याच्या रायफलींत टोकदार गोळी घालत नाहीत. मागच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर टेकलेले असते आणि धक्क्याने ते आतच उडू शकते. म्हणून .३०-३०च्या गोळ्या पुढून चपट्या असतात. तर ही पेटीवाली १८९५ मजबूत म्हणून नावाजलेली. पहिल्या महायुद्धात रशियाने सुमारे ३ लाख घेतल्या. पण .३०-०६चा दाब तिच्या जुन्या सांगाड्याला हळूहळू झिजवतो. बोल्ट आणि काडतुसाचे बूड यांच्यातली फट वाढत जाते आणि एक दिवस कवच आतच फाटते. शंभर वर्षे जुन्या बंदुकीत आजचे पूर्ण दाबाचे काडतूस घालण्याआधी ती फट गेजने मोजून घेणारा जाणकार गाठला पाहिजे, आणि असे जाणकार आता मोजकेच उरलेत.

“मग नळी बदलून .३१५ करून घेऊ,” असे कोणी सुचवतो. अमेरिकेत हा सर्रास तोडगा आहे. आपल्याकडे बंदूक एका वर्गातून दुसऱ्यात बदलणे, तिची नळी कापणे, हे शस्त्र कायद्याच्या ६व्या कलमाने परवान्याशिवाय मना आहे, आणि नळीवरचा नंबर-बोअर परवान्याच्या पुस्तकात चढलेला असतो. घरी काडतूस भरणे म्हणजे कायद्याच्या नजरेत दारूगोळा तयार करणे. तेव्हा माझे मत विचाराल तर लिव्हर ॲक्शन वाड्यातून वारशाने आली असेल तर जपावी, तेल द्यावे, परवान्यावर ठेवावी. पैसे मोजून घेण्याची वस्तू ती नाही.

रोही, डुक्कर आणि त्यांच्या मागचे गाव

आता जनावराकडे वळू. चांदूर बाजार तालुक्याची उत्तर बाजू सातपुड्याच्या पायथ्याला टेकलेली. विश्रोळीच्या धरणाकडचा भाग, पूर्णेचा काठ, नाल्यांतली बाभूळ-येनाची झुडपे, हे सगळे डुकरांचे दिवसाचे मुक्काम. रात्री ती हरभऱ्यात, मक्यात, भुईमुगात उतरतात. रोही दिवसाही निर्धास्त फिरतात. तुरीत शिरले की खाण्यापेक्षा तुडवून जास्त नासवतात, आणि संत्र्याच्या नव्या कलमांची सालही सोलतात. जागलीला जाऊन, डबे वाजवून, झटका मशीनची तार ओढून जे भागत नाही त्यासाठी बंदुकीचा विचार येतो.

रोह्याचा पूर्ण वाढलेला नर २०० किलोच्या पुढे जातो, क्वचित २५०च्याही. अमेरिकेतल्या ज्या हरणासाठी .३०-३० घडली ते याच्या निम्म्याचेही नसते. गंमत अशी की यावर अमेरिकेतलाच अनुभव उपलब्ध आहे. १९३०च्या सुमारास दक्षिण टेक्सासच्या किंग रँचने आपले रोही नेऊन तिथल्या काटेरी माळावर सोडले. आज ते तिथे हजारोंनी आहेत आणि त्यांची रीतसर शिकार होते. गोळी लागूनही कितीतरी लांब पळणारे, सहज न पडणारे जनावर अशी त्याची तिथे ख्याती आहे, आणि तिथले वाटाडे पाहुण्यांना .३०-३०पेक्षा भारी रायफल आणायला सांगतात. म्हणजे आपल्याच जनावरासाठी अमेरिकेची लाडकी लिव्हर ॲक्शन अमेरिकेतच हलकी पडते.

.३१५ची गोळी सुमारे १६ ग्रॅमची, वेग सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास. सावकाश, पण वजनदार. शंभर मीटरच्या आत रोही असो की डुक्कर, ती पुरते. .३०-०६ची ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला जवळजवळ ८९० मीटरने निघते. दोनशे-अडीचशे मीटरपर्यंत नेम सरळ राहतो. कागदावर .३०-०६ उजवी, यात वाद नाही.

पण काळ्या मातीचे हे सपाट वावर म्हणजे टेक्सासचा माळ नव्हे. एका गावाच्या पारावरून दुसऱ्या गावाच्या देवळाचा कळस दिसतो. जनावर चुकलेली किंवा जनावरातून आरपार गेलेली रायफलीची गोळी आडवी निघाली तर तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, आणि त्या वाटेत कोणाचा मळा, कोणाची जागल, पाणी द्यायला रात्रीची लाइट धरून निघालेला कोण, हे बॅटरीच्या झोतात दिसत नाही. विजेच्या वेळापत्रकाने अर्धा तालुका रात्री ओलितावर असतो, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. संत्र्याच्या बगीच्यात तर वीस पावलांपलीकडचे दिसत नाही. तिथे अडीचशे मीटरचा सरळ नेम काय कामाचा?

म्हणून रायफल झाडायची तर मचाणावरूनच, खाली तिरकी, गोळी मातीत जाईल अशी. उभ्याने सपाटीवर नाही. ही अट ज्याला पाळता येत नाही त्याने रायफलीचे बोअर निवडूच नये, असे मी म्हणेन.

बाराबोरची बाजू

आणि इथे बाराबोर पुढे येते. रायफलीच्या हौशी लोकांना ती गावंढळ वाटते. नळी गुळगुळीत, पीळ नाही, सत्तर-ऐंशी मीटरपलीकडे भरवसा नाही. बारा हा आकडा इंचाचा नसून वजनाचा: एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर एकेक गोळी जेवढ्या नळीत बसेल तेवढी नळी, साधारण साडेअठरा मिलिमीटर. त्याच नळीतून तुम्ही पाखरासाठी बारीक छर्रा सोडता आणि डुकरासाठी एलजी किंवा एसजी. एलजीचा एकेक दाणा नऊ मिलिमीटरचा, औंसाला सहा. एसजी त्याहून जरा बारीक, औंसाला आठ. पस्तीस-चाळीस मीटरच्या आत हे दाणे डुकराला जागेवर बसवतात. त्यापुढे ते फाकतात आणि जखमी करतात, म्हणून तिथे थांबायचे. वाया गेलेला दाणा सहा-सातशे मीटरच्या आत जमिनीवर येतो. तीन किलोमीटर आणि सहाशे मीटर, या फरकात पुढचे अख्खे गाव मावते.

कायदाही इकडेच कललेला आहे. शस्त्र कायद्याच्या १३व्या कलमात संरक्षणासाठी वा खेळासाठी वीस इंचांहून आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक, यांना परवाना देण्याबद्दल वेगळी आणि सौम्य भाषा आहे. रायफलीला सबळ कारण दाखवावे लागते. लिव्हर ॲक्शनचाच नाद असेल तर ब्राउनिंगने १८८७ साली बाराबोरचीही लिव्हर ॲक्शन बंदूक केली होती, हे सांगून ठेवतो. पण ती काळ्या दारूच्या जमान्यातली, आजची काडतुसे तिच्यासाठी नाहीत.

बाराबोर जुनी घेतानाही बोअरचा एक सापळा आहे, आणि तो पुष्कळांना ठाऊक नसतो. नळी बारा असली तरी चेंबर किती लांब ते वेगळे. जुन्या इंग्रजी बंदुकांचे चेंबर अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचे. नंतरच्यांचे पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरचे. ७० मिलिमीटरचे काडतूस ६५च्या चेंबरमध्ये आरामात बसते, कारण न उडालेले काडतूस तोंड दुमडलेले असल्याने आखूड असते. उडताना तोंड उघडते आणि त्याला पुढे जागाच नसते. दाब एकदम चढतो. दोन-चार वेळा काही होत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो. नळीच्या बुडाखालचे ठसे बघा: लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाचा शिक्का, आणि त्याशेजारी चेंबरची लांबी. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी लहरदार नक्षी दिसली तर ती लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी. ती काळ्या दारूसाठी, भिंतीवर छान दिसते, वावरात नेऊ नका.

सौदा ठरवण्याआधी

रायफल असो की बाराबोर, सौदा दिवसा करा. चेंबर उघडा, आत पांढरा कागद धरा, नळीच्या तोंडाकडून डोळा लावा. पीळ धारदार आणि चकचकीत दिसला पाहिजे. १९५०च्या आधीच्या काडतुसांच्या टोपीत क्षार असत. झाडल्यावर नळी गरम पाण्याने धुतली नाही की एका पावसाळ्यात आत वाळवी लागल्यासारखे खड्डे पडत. तोंडापासून चार बोटे आत असे खड्डे असतील तर नेम गेलाच समजा. चेंबरजवळ असतील तर कवच अडकेल. बहुतेक लिव्हर ॲक्शनची आणखी एक खोड अशी की तिची नळी मागून साफ करता येत नाही, गज तोंडातूनच घालावा लागतो, आणि वर्षानुवर्षे घासून तोंडाची कड एका बाजूने झिजते. बोट फिरवले तरी कळते.

मग कागद. परवाना असलेल्या माणसाकडून थेट घ्यायची तर विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबायचे असते. मूळ मालक वारलेला असेल तर बंदूक घरात नव्हे, ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असली पाहिजे. ती घरातूनच कोणी काढून दाखवत असेल तर तिथेच उठा. २०१९च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात, त्यामुळे बऱ्याच घरांतून तिसरी विकायला निघाली. परवान्याची मुदतही तेव्हा तीनवरून पाच वर्षांवर गेली. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा हुकूम येतो. तेव्हा ती तिथल्या ओलसर खोलीत कशी राहील याची सोय, म्हणजे तेलाचा हात आणि कापडी पिशवी, आपणच करायची.

सौद्यात विकणारा हमखास अर्धा खोका काडतुसे वर देतो. परवान्यावर ती चढवून घ्या, पण वापरायच्या आधी एकेक हातात घेऊन बघा. पितळेवर हिरवा थर आलेली, मानेशी बारीक चीर पडलेली, टोपी आत दबलेली बाजूला काढा आणि विक्रेत्यामार्फत परत करा. बाकीच्यांतले एखादे जुने काडतूस चाप ओढल्यावर नुसते टक् करून थांबेल. तेव्हा बंदूक उघडायची नाही. तोंड मातीच्या ढिगाकडे तसेच धरून निदान अर्धा मिनिट थांबायचे, कारण ओल लागलेली टोपी कधी कधी दोन-चार सेकंदांनी पेट घेते, आणि तेवढ्यात चेंबर उघडलेले असेल तर कवच मागे, तोंडावर येते.